इम्पोर्ट यशस्वी म्हणतंय, पण होस्टवर जुनाच एनटीपी

रात्रपाळीवाला:
सहा होस्टचा (सर्व्हरचा) क्लस्टर, व्हीस्फिअर ८ (व्हीएमवेअरचं व्हर्च्युअलायझेशन), कॉन्फिगरेशन प्रोफाइल्सवर आणलेला, म्हणजे सगळ्या होस्टची सेटिंग्ज एकाच डॉक्युमेंटमध्ये. जुना एनटीपी (घड्याळं जुळवणारा) सर्व्हर बंद होणार म्हणून एपीआयने कॉन्फिग एक्सपोर्ट केलं, पायथनमध्ये पत्ता बदलला, परत इम्पोर्ट केलं. पहिले दोन तास नुसती 'एरर ४००', म्हणजे विनंतीच चुकीची. मग कळलं की 'कॉन्फिग' फील्डला ऑब्जेक्ट चालत नाही, अख्खं जेसन (त्याच स्वरूपात ते डॉक्युमेंट असतं) साध्या मजकुराची स्ट्रिंग करून द्यावं लागतं. जेसनच्या पोटात जेसन! असो. आता टास्क यशस्वी दाखवतोय, पण एकाही होस्टवर नवा पत्ता नाही. प्रॉडक्शन आहे, अंदाजाने काही चालवायची हिंमत होत नाही. काय राहिलं?

जुना_खोड:
चुकलं काहीच नाही, अर्ध्यात थांबलात. इम्पोर्टने फक्त 'क्लस्टर असा हवा' ही व्हीसेंटरकडची (सगळे होस्ट सांभाळणाऱ्या सर्व्हरकडची) नोंद बदलते. होस्टला हात लागतो तो अप्लायने. त्याआधी चेक कम्प्लायन्स (होस्ट त्या नोंदीशी जुळतो का) चालवा आणि मग प्रीचेक. कुठला होस्ट मेंटेनन्स मोडमध्ये जाणार, कुणाला रीबूट लागणार, ते तिथेच कळतं.

एक मात्र बघा: एक्सपोर्ट कधीचं आहे? इम्पोर्टमध्ये पूर्ण डॉक्युमेंट जातं. मधल्या काळात कुणी सिसलॉग (लॉग कुठे पाठवायचे ते) वगैरे बदललं असेल, तर तुमच्या जुन्या फाइलने ते पुसलं गेलं समजा. मी असाच एका सहकाऱ्याचा आठवडा वाया घालवलाय.

रात्रपाळीवाला:
एक्सपोर्ट कालचंच होतं, तरी आज ताजं घेऊन केलं. पाच होस्ट बदलले. सहावा जुन्याच पत्त्यावर, आणि वर कम्प्लायंट म्हणून हिरवा!

टास्कआयडी:
डॉक्युमेंटमध्ये 'होस्ट-ओव्हरराइड' बघा. त्या होस्टच्या यूयूआयडीखाली (ओळख क्रमांकाखाली) एनटीपी असेल, तर सामायिक 'प्रोफाइल'मधलं तिथे लागू होत नाही. त्याच्यापुरता जुना पत्ताच बरोबर, म्हणून हिरवा. 'होस्ट-स्पेसिफिक'शी गल्लत करू नका, तिथे आयपीसारख्या मुळातच वेगळ्या असणाऱ्या गोष्टी असतात.

रात्रपाळीवाला:
सापडलं. चाचणीच्या वेळी मीच टाकलं होतं, आणि मीच विसरलो. ओव्हरराइड काढून इम्पोर्ट केलं, तर होस्ट नॉन-कम्प्लायंट झाला. लाल रंग बघून इतका आनंद कधी झाला नव्हता. अप्लाय केलं, सहाही जुळले.