बॅटरी नवी, तरी स्टार्टर जड?

बॅटरी बदलूनही सकाळी गाडी घर्र... घर्र करत उशिरा सुरू होते, असं होतंय? म्हणजे इंजिनच हळू फिरतंय. अशा वेळी कोणी फ्युएल पंप बदलायला सांगितलं, तरी त्याची घाई करू नका. इंजिन जोरात फिरूनही पेटत नसेल, तरच इंधनाकडे किंवा स्पार्क प्लगकडे वळायचं.

आधी बॅटरीला मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) लावा. रात्रभर उभ्या गाडीत साधारण १२.६ व्होल्ट हवेत. मग दुसऱ्याला स्टार्टर मारायला सांगून एक टोक बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर धरा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर अर्थिंगमध्येच, म्हणजे बॅटरीचा मायनस बॉडीला आणि इंजिनला जोडणाऱ्या केबलमध्येच घोळ आहे.

माझ्या गाडीत हेच निघालं. वरून केबल चकाचक, पण बॉडीला जोडलेला बोल्ट काढला तर वॉशरखाली गंजाचा थर! सॅंडपेपरने घासून घट्ट आवळला, आणि पहिल्याच सेल्फला गाडी सुरू. (नवी बॅटरी मात्र उगाच घेतली गेली.) केबल सोडताना मायनस आधी काढा, जोडताना शेवटी. अर्थिंग ठीक निघालं तर प्लसची केबल तशीच तपासा, मग स्टार्टर मोटर खोलायची.