मदत हवी आहे: लेकीच्या मैत्रिणीचा बिघडवलेला फोटो 'पुरावा' म्हणून फिरतोय

नमस्कार मंडळी. आम्ही नेरुळला राहतो, लेक सातवीत आहे. गॅदरिंगमधला तिच्या मैत्रिणीचा कोळीनृत्याचा फोटो शाळेनेच पेजवर टाकला होता. वर्गातल्या कुणीतरी तो एआयच्या कुठल्याशा ॲपमधून अश्लील करून मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सोडला. मला कळलं मंगळवारी रात्री, लेक नुसता भात चिवडत बसली होती तेव्हा. "आई, फोन काढून घेणार नसशील तर सांगते." मी खजील झाले. गेल्या वर्षी एका फालतू रीलवरून मी तिचा फोन महिनाभर कपाटात ठेवला होता.

आता पालकांच्या ग्रुपवर तोच फोटो 'पुरावा' म्हणून फिरतोय, माझ्या गॅलरीतही आपोआप उतरलाय. शाळा म्हणते, हे शाळेच्या वेळेत घडलेलं नाही. मुलीच्या आईला धास्ती आहे की नाव फुटेल, पोरीला पोलीस ठाण्यात बसवतील. माझ्या फोनमधल्या फोटोचं काय करू? आणि शाळेला हात झटकता येतात का?

प्रतिसाद १
ताई, कोर्टात उभी राहते म्हणून सांगते. तो फोटो आता एकालाही पाठवू नका, वकिलालाही नाही. मुलांचं असं चित्र पुढे पाठवणं आयटी कायद्याच्या कलम ६७बी खाली गुन्हा आहे, पहिल्या वेळी पाच वर्षांपर्यंत कैद. 'खोटा आहे, एआयचा आहे' ही पळवाट नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पोक्सोच्या, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, बाल-अश्लील चित्रांच्या व्याख्येत असं बनवलेलं चित्रही येतं. नंबर, ग्रुपचं नाव, तारीख, वेळ वहीत लिहा, ऑटो डाउनलोड बंद करा आणि तक्रार करा. फोनमधल्या प्रतीचं काय करायचं ते तक्रार करतानाच पोलिसांना विचारा. १९३० ही सायबर हेल्पलाइन मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे; यासाठी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल, तिथे नाव न देताही तक्रार होते. मुलांच्या मदतीचा १०९८ हा नंबर चोवीस तास चालू असतो.

त्या आईला सांगा, पोक्सोत मुलीचा जबाब घरी घेता येतो, अधिकारी गणवेशात नसतो आणि तिची ओळख उघड करायला बंदी आहे.

प्रतिसाद २
मी ठाण्यात शिक्षिका आहे. 'शाळेच्या वेळेत नाही' हे चालत नाही. पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवायचंच. मुख्याध्यापकांना तोंडी नको, लेखी द्या आणि पोच घ्या. करणारी पोरंही बारा-तेराचीच असणार, प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जाईल. वर्गासमोर उभं करून त्यांची नावं घ्यायचा मोह शाळेला होतो, तो होऊ देऊ नका.

फोटो इन्स्टाग्रामवर गेला असेल तर 'टेक इट डाऊन' ही अल्पवयीनांचे असे फोटो हटवायला मदत करणारी मोफत सेवा आहे. चित्र अपलोड होत नाही, फोनवरच त्याचा डिजिटल ठसा बनतो आणि तेवढाच जातो. व्हॉट्सॲपच्या चॅटवर मात्र याचा उपयोग नाही.

धागाकर्ती
खूप आभार दोघींचे. तिची आई तयार झाली, उद्या अकराला आम्ही दोघी पोलीस ठाण्यात जातोय. पालकांच्या ग्रुपवर काय लिहू? 'डिलीट करा' म्हटलं की लोक आधी उघडून बघतात.

प्रतिसाद १
ग्रुपवर काहीच लिहू नका. ज्यांनी फॉरवर्ड केलं त्यांना एकेकट्याला फोन लावा आणि ६७बी वाचून दाखवा.