चर्चा: घोड्याचा खोकला, घोड्याचं लंगडणं, आणि औषध नक्की कुणासाठी?

टापटीप (धागाकर्ती):
माझी घोडी चौदा वर्षांची आहे. दोन वर्षांत तिने दोन दुखणी काढली. आधी खोकला, मग पुढच्या डाव्या पायाने लंगडणं. दोन्ही वेळा औषधाने आठवड्याभरात 'बरी' झाली आणि दोन्ही वेळा औषध थांबताच दुखणं परत दारात हजर. त्यावरून माझं मत झालंय, की घोड्यांवरच्या उपचारांतला बराच भाग उपचार नसतोच, ती स्वाराची सोय असते.

खोकल्याचंच बघा. डेक्सामेथासोन हे सूज उतरवणारं स्टेरॉइड दिलं, चार दिवसांत खोकला बंद. पण घोड्याचा दमा येतो तो वाळल्या गवतातल्या धुळीतून आणि बुरशीच्या बीजाणूंतून. माझ्याकडे तेच गवत, तीच जाळी, आणि जाळीत तासन् तास खुपसलेलं तिचं नाक. घोड्याला तोंडाने श्वास घेता येत नाही, त्यामुळे आत जाईल ते सगळं नाकावाटेच. मी सूज उतरवत होते आणि धूळ भरवत होते.

पायाची गोष्ट तशीच. फेनिलब्युटाझोन ('ब्युट') या वेदनाशामकाच्या तिसऱ्या दिवशी दुडकी एकदम साफ. मी मूर्खासारखी रपेटीला घेऊन गेले. नंतर कळलं, की दुखणं खुरातल्या नॅव्हिक्युलर हाडाचं आहे. मग सल्ला मिळाला तो दुखणं जाणवूच नये म्हणून टाचेकडचा मज्जातंतू कापायचा! मी नाही म्हटलं.

आता माझी एकच कसोटी आहे. तिच्यावर कधीच बसायचं नसतं, तर मी हे औषध दिलं असतं का? उत्तर 'नाही' असेल तर ते औषध माझ्यासाठी आहे, तिच्यासाठी नाही. पटतंय का कुणाला?

एक पशुवैद्य:
अर्धं पटतं. उरलेल्या अर्ध्याचा मला राग येतो, कारण त्या अर्ध्यापायी घोडे हाल काढतात.

दमा बळावलेला घोडा नुसता उभा असतानाही धापा टाकतो. श्वास बाहेर ढकलायला पोट इतकं आवळावं लागतं, की बरगड्यांमागे स्नायूंची खाच उमटते. अशा जनावराला 'गवत भिजवून देतो, बघू महिन्याभरात' म्हणणं ही काटकसर असेल, दया नव्हे. स्टेरॉइडने त्याला आज श्वास मिळतो. हवा सुधारायचं काम त्याच दिवशी सुरू करायचं. नुसत्या औषधाने दमा परत येतो, नुसत्या स्वच्छ हवेने फायदा होतो पण सावकाश. 'हे की ते' असा झगडा मुळात नाहीच.

आणि खोकला थांबला म्हणजे फुप्फुसं बरी, हेही चूक. फुप्फुस धुऊन काढलेला द्रव तपासला तर निरोगी घोड्यात न्यूट्रोफिल (सुजेत वाढणाऱ्या पांढऱ्या) पेशी साधारण 5 टक्क्यांच्या आत असतात, जुनाट तीव्र दम्यात 25 टक्क्यांच्या वर. खोकला गेलेल्या घोड्यातही हा आकडा चढा राहू शकतो. ही तपासणी सुचवली की मालक म्हणतात, "आता तर खोकत नाही." इथेच तर घोडं पेंड खातं!

गवत अर्धा तास भिजलं तरी पुरतं. ते परत वाळायच्या आत घोड्याने संपवलं पाहिजे आणि भिजवून दिवसभर ठेवायचं नाही, त्यात जंतू वाढतात.

नालबंद:
ताईंच्या बाजूने, पण वेगळ्या कारणाने. काल बरा असलेला घोडा सकाळी तीन पायांवर दिसला, की लोक आधी सुई शोधतात. आधी खूर बघा. बऱ्याचदा आत पू झालेला असतो. वाट करून दिली की दुसऱ्या दिवशी घोडा चालतो. नॅव्हिक्युलरवाल्या घोड्यात मला टाचा खचलेल्या आणि पंजा, म्हणजे खुराचा पुढचा भाग, लांबलेला सापडतो. ते दोन-तीन नालबंदींत सुधारता येतं, पण तेवढं थांबायला कुणाला वेळ नसतो.

खरारा:
भाकरी का करपली, घोडा का अडला? न फिरवल्याने. आपल्या लोकांना हे कोडं पाठ, पण लंगडणारा घोडा सहा-सहा महिने तबेल्यात कोंडून ठेवतात. कंडरा (स्नायू हाडाला बांधणारी दोरी) फाटली तर सुरुवातीची विश्रांती हवीच, पुढे मात्र रोज मोजून चालवावं लागतं. नाहीतर नवे तंतू आडवेतिडवे भरतात. आणि दम्याच्या घोड्याला कोंडणं म्हणजे तर धुळीच्या खोलीत कुलूप लावणं. धाग्यात सगळे औषधावर भांडताय, बंद दारावर कुणी बोलत नाही.

चौखूर:
स्पर्धेत उतरणारा म्हणून लिहितो. टापटीप, तुमची कसोटी दोन्हीकडून फसते.

'घोरणारा' घोडा घ्या. डावीकडचा स्वरयंत्राचा मज्जातंतू छातीत महाधमनीला वळसा घालून परत वर येतो. त्याची लांबी फार, आणि तोच दुबळा होतो. मग स्वरयंत्राची डावी झडप उघडत नाही, आणि घोडा भरधाव असताना श्वासाचा आवाज येतो. कुरणात चरताना त्याला काहीही त्रास नसतो. म्हणजे टाय-बॅक शस्त्रक्रिया शंभर टक्के स्वारासाठी! झडप कायमची ओढून बांधतात, पुढे कधी चारा श्वासनलिकेत जातो, घोडा खोकत राहतो. तरीही तिला कुणी फसवणूक म्हणत नाही. पायाचा मज्जातंतू कापलेल्या घोड्याला मात्र एफईआयच्या (आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या) स्पर्धांत उतरताच येत नाही. मला तो नियम योग्य वाटतो. खुराची जाणीव नसलेल्या घोड्यावर बसून अडथळा मारायचा, आणि पडलो तर दोघांनी पडायचं.

टापटीप:
टाय-बॅकचा मुद्दा मान्य, त्याचा विचार केला नव्हता. पण मज्जातंतू कापणं धोक्याचं, हे तुम्हीच सिद्ध केलंत. खुरात खिळा घुसला तरी तिला कळणार नाही. शिवाय तो तंतू परत वाढतो, टोकाला दुखरी गाठ होऊ शकते, खोल कंडरा तुटू शकते. हे सगळं मला सही करायच्या आधी कुणी सांगितलं नव्हतं, विचारल्यावर सांगितलं.

एक पशुवैद्य:
न सांगणं चूकच, त्यात वाद नाही. पण आता तुमची कसोटी तुमच्यावरच उलटवतो. समजा तिच्यावर कधीच बसायचं नाही. नाल झाली, औषधं झाली, वेदना राहिली. ब्युट वर्षभर द्याल? पोटात व्रण होतात, मोठ्या आतड्याचा उजवा भाग सुजतो. अशा वेळी, रोज खूर तपासणारा माणूस असेल, तर मज्जातंतू कापणं हे चरणाऱ्या घोडीसाठी स्पर्धेच्या घोड्यापेक्षा जास्त सयुक्तिक आहे. स्वार नाही म्हणूनच.

आणि खूरदाहाचा, म्हणजे खुराच्या आत दुखरी सूज आलेला घोडा तर बसायच्या कामाचा नसतोच. त्याला वेदनाशामक तुम्ही नाकाराल का?

टापटीप:
खूरदाहात अजिबात नाकारणार नाही. कापण्याबद्दल मन अजून तयार नाही, पण 'कधीच नाही' हा शब्द मागे घेते.

सध्याची स्थिती: गवत भिजवलेलं आणि जमिनीवर ठेवलेलं, दिवसभर मोकळी, खोकला नाही. फुप्फुस धुण्याची तपासणी पुढच्या आठवड्यात, पशुवैद्यांनी टोचून टोचून करायला लावली. नाल दोनदा बदलली, ब्युट बंद. सरळ रेषेत दुडकी ठीक, कडक जमिनीवर वळवली की डोकं अजून वर उसळतं.

नालबंद:
कुठल्या हाताला वळवल्यावर?

टापटीप:
डाव्या. उजवीकडे जवळपास काहीच नाही.

नालबंद:
मग पाय तोच. टाचेचा एक फोटो बाजूने काढून टाका, खूर धुऊन, घोडी सपाट जमिनीवर उभी असताना.