प्रतिसाद: होडीवरचे डास

नांगर किनाऱ्यापासून लांब टाकला की डास येत नाहीत, हे म्हणणं निम्मंच पटतं. खाडीत रात्री मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि कांदळवनातले डास सरळ होडीवर आणून सोडतो. त्यामुळे नुसतं अंतर बघू नका, वारा कुठून येतो तेही बघा.

दुसरं म्हणजे डास होडीतच जन्मतात! आम्हाला हे कळेपर्यंत अख्खा एप्रिल गेला. कडेला लटकवलेल्या जुन्या टायरांत भांडी धुतलेलं पाणी साचायचं. बॅटरी मारून पाहिलं तर आत अळ्या वळवळत होत्या. उन्हाळ्यात अंड्यापासून डास व्हायला 7 ते 10 दिवस पुरतात. टायरांना तळाशी भोकं पाडाच, आणि ताडपत्रीच्या घड्या दर आठवड्याला झटका.