चाक फिरेना, गिअरला काय घालू?

पिंट्या: बाळकाका, मांगरातल्या टेबल सॉचं, म्हणजे टेबलात बसवलेल्या विजेच्या करवतीचं, पातं वर-खाली करायचं चाक अर्ध्यावर अडकतंय. मे महिन्यात एका हाताने फिरत होतं. चतुर्थीच्या आत गणपतीच्या वर बांधायच्या माटवीची चौकट आणि गणपतीचा चौरंग करायचाय, फणसाच्या फळ्या सुकून तयार आहेत. गिअरला तेल घालू की ग्रीस? दुकानात चार तऱ्हेचे स्प्रे आहेत, कुठला आणू?

भावोजी: कशाला विकत आणतोस? गॅरेजमधलं लिथियम ग्रीस देतो. परवा आचऱ्याला येणारी गाडी आहे, तिच्यासोबत डबा पाठवतो. बोटभर भर दात्यांत, दोन वर्षं बघायला नको.

आई: शिलाई मशीनचं तेल आहे घरात. मी माझ्या मशीनला तेच घालते, कधी अडकली नाही.

आई: आबा इथे बसून ऐकतायत. ते म्हणतायत, "पयलो भुसो काड म्हणा तेका. मगे काय ता त्याल."

बाळकाका: आबांचं बरोबर आहे. पिंट्या, आधी एक काम कर. चाकाला हात लावू नकोस, जोर तर मुळीच लावू नकोस. आणि मशीनची पिन बोर्डातून काढून ठेव, नुसतं बटण बंद करून भागणार नाही. मी एकदा असंच अडकलेलं चाक दोन्ही हातांनी ओढलं आणि चाकाच्या दांड्यातली छोटी पिन कापली गेली. चाक गरागरा फिरतंय आणि पातं जागचं हलत नाही. त्या मापाची पिन मिळवायला आठवडा गेला आणि ऐन लग्नसराईत काम थांबलं.

बाळकाका: आता सांग, कुठले गिअर म्हणतोस तू? खालून फोटो काढ.

पिंट्या: फोटो टाकलाय. मळसूत्रासारखा दांडा आहे आणि त्यात अडकणारे अर्धचंद्राचे दाते.

बाळकाका: हां. हा वर्म आणि त्याचा अर्धगोल गिअर. सगळं उघडं आहे, पात्याखाली. म्हणजे कापताना पडणारा भुसा सरळ ह्याच्यावर येतो. त्या दात्यांच्या बुडाशी चॉकलेटी थर दिसतोय, तो नखाने खरवडून बघ आणि काय निघतं ते सांग.

पिंट्या: वर भुशाची पापडी आहे. तिच्याखाली काळपट चिकट, शिळ्या काकवीसारखं. आणि एकदम तळाला लालसर पूड, बोटाला लागली.

बाळकाका: हेच मला बघायचं होतं. चिकट ते जुनं ग्रीस, लाल पूड हा गंज. भावोजी, तुमचा डबा चांगलाच असणार, पण ह्या मशीनचं दुखणं ग्रीस कमी झाल्याचं नाही, ग्रीस लावल्याचं आहे. गेल्या वैशाखात मीच ह्याला लावून दिलं होतं, कारखान्यातून यायचं तसंच म्हणून. ती चूक माझी.

भावोजी: काका, चूक कशी? ग्रीस नसेल तर लोखंडावर लोखंड घासणार. आमच्याकडे ग्रीस संपलं की बेअरिंग जातं.

बाळकाका: तुमच्याकडे ते बरोबरच आहे. पण तुमचं ग्रीस बेअरिंगच्या आत बंद असतं. ग्रीस म्हणजे काय, तर तेल आणि ते धरून ठेवणारा धातूचा साबण. साबण स्पंजासारखा असतो, तेल हळूहळू सोडतो. आता तोच स्पंज उघड्यावर, भुशाच्या पावसात ठेवा. भुसा त्या तेलात भिजतो, दात्यांत दाबला जातो आणि वर्म फिरला की आणखी घट्ट बसतो. पुढच्या वेळी चाक फिरवताना वर्म गिअरला ढकलत नाही, भुशाच्या वडीला ढकलतो. सागवान कापलं असेल तर आणखी वाईट. सागवानात वाळूचाच अंश असतो, पात्याची धारसुद्धा त्याने लवकर जाते. तो अंश तेलात मिसळला की घासायचं औषधच तयार होतं.

बाळकाका: ह्यात आपल्याकडची गोष्ट वेगळी. घाटावरच्या सुताराचा भुसा निदान कोरडा असतो. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस, श्रावणात भिंतीला हात लावला तरी ओल, आणि त्यात समुद्राची खारी हवा. लाकडाचा भुसा हवेतलं पाणी ओढून घेतो. म्हणजे दात्यांच्या तळाशी चार महिने खारट ओलं फडकं गुंडाळून ठेवल्यासारखं झालं. लाल पूड तिथूनच आली. म्हणून मला नेहमी वाटतं, वंगण कुठलं हे आपल्याकडे दुसऱ्या नंबरला येतं.

ताई: काका, मग सुकं वंगण हवं. भुसा ज्याला चिकटत नाही असं. पीटीएफई असतं ना, नॉनस्टिक तव्यावरचा लेप? १९३८ मध्ये ते चुकून हाती लागलं होतं, मी नववीच्या मुलांना सांगते. त्याचा स्प्रे मिळतो. आतला पातळ द्राव उडून जातो आणि मागे कोरडा थर राहतो.

पिंट्या: पेन्सिलीचं ग्राफाइट चालेल? कुलपात आपण तेच घालतो.

ताई: कुलूप घरात असतं. ग्राफाइट वीज वाहून नेतं, आणि खारट ओल असली की लोखंड आणि ग्राफाइट मिळून छोटा बॅटरी-सेल होतो. त्यात झिजतं ते लोखंड. कोरड्या गावात चालेल, किनाऱ्यावर उघड्या लोखंडाला मी तरी लावणार नाही.

बाळकाका: हे मला कारणासकट माहीत नव्हतं. फक्त एवढं बघितलं होतं की पेन्सिल घासलेल्या सरकपट्टीवर पावसाळ्यात लवकर ठिपके येतात. ताई, तू सांगितल्यावर आज कळलं.

आई: आणि खोबरेल? आबांच्या वेळी सगळ्याला खोबरेलच.

बाळकाका: वहिनी, खोबरेल जवसाच्या तेलासारखं वाळून राळ होत नाही, तेवढं त्याचं चांगलं आहे. जवस तर चुकूनही नको. पण पुसाच्या थंडीत सकाळी बाटलीतलं खोबरेल थिजतं, तसं ते गिअरवरही थिजणार. वर खवट होतं, आणि भुसा त्याला चिकटणारच. शिलाई मशीनच्या तेलाचं म्हणाल तर तुमच्या मशीनवर चिंधीची धूळ बसते तेवढीच. इथे एका फळीमागे मूठभर भुसा पडतो.

आई: आबा म्हणतायत, "आमी करवतीक मेण लावू. स्क्रूक पण मेण."

बाळकाका: आबा, मी तिथेच येत होतो!

बाळकाका: पिंट्या, मी माझ्या कुडाळच्या दुकानातल्या दोन्ही मशीनच्या उघड्या गिअरला आता मेणच लावतो. पहिल्यांदा भावोजींसारखंच वाटलं होतं की एवढ्या लोखंडाला मेण काय पुरणार. पण विचार कर, हा गिअर किती फिरतो? पातं मिनिटाला हजारो फेरे घेतं, गिअर नाही. गिअर तू हाताने फिरवतोस, फळीची जाडी बदलली की पाच-दहा फेरे, मग दिवसभर स्वस्थ. वेग नाही, उष्णता नाही. इथे तेलाचा जाड थर लागतच नाही. दाता दात्यावरून नुसता घसरला पाहिजे आणि ओल लोखंडापर्यंत पोहोचता कामा नये. मेण दोन्ही करतं.

भावोजी: हे पटलं. हाताने फिरणारा गिअर असेल तर भार वेगळा. पण मग माझं ग्रीस कुठेच नको?

बाळकाका: हवं की. पिंट्या, हे नीट वाच, कारण दुकानात "गिअरसाठी द्या" म्हटलं की दोन्हींत गोंधळ होतो. कित्येक सुतार हातातली सर्क्युलर सॉ प्लायवूडच्या टेबलाखाली उलटी बसवून टेबल सॉ करतात, माझ्याकडेही एक आहे. तिच्या मोटरच्या तोंडाशी बंद डब्यात गिअर असतात. ते मोटरबरोबर पळतात, तापतात, आणि भुसा आत जात नाही. तिथे मेण लावलं तर वितळून गिअर कोरडे पडतील. तिथे भावोजींचं लिथियम ग्रीसच. तेही डबा ठासून भरायचा नाही, दात्यांना लागेल एवढंच. जास्त झालं तर ते घुसळून तापतं आणि मोटरकडे पाझरतं. तुझ्या मशीनची मोटर पट्ट्यावर चालते, तिला असला डबाच नाही. म्हणून तुझ्याकडे ग्रीसला जागा नाही.

भावोजी: डबा तुमच्याकडे पाठवतो मग, कुडाळला. 🙏

पिंट्या: आणि डब्ल्यूडी-४०? दुकानदार म्हणाला सगळ्याला हेच.

बाळकाका: आण, पण धुवायला. त्याचं नावच वॉटर डिस्प्लेसमेंट, पाणी हटवणारं. १९५३ मध्ये चाळीसाव्या खेपेला जमलं म्हणून ४०. पाणी हटवतं, जुनं ग्रीस सोडवतं, गंज मोकळा करतं. त्या कामाला उत्तम. मागे जो पातळ थर राहतो तो श्रावणभर पुरेल अशी आशा नको.

बाळकाका: फक्त एक डबा दुकानातून अजिबात आणायचा नाही. सिलिकॉन स्प्रे. हे मी कळकळीने सांगतोय. काही वर्षांपूर्वी एका घरासाठी फणसाचा देव्हारा केला होता. टेबलावर फळी छान सरकावी म्हणून कोणाच्या तरी सांगण्यावरून सिलिकॉन मारला. फळी लोण्यासारखी सरकली. मग पॉलिशचा पहिला हात दिला आणि डोळ्यांदेखत थेंबाथेंबाने पॉलिश बाजूला सरायला लागलं. माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे, मधे उघडं लाकूड. दुसरा हात दिला, तिथेच पुन्हा खड्डे. शेवटी सगळं पॉलिश खरवडून, रंधा मारून पहिल्यापासून केलं. मुहूर्त गाठला, पण दोन रात्री जागून. सिलिकॉन टेबलावरून फळीत जातो आणि दिसत नाही. गाडीच्या पॉलिशमध्येही बरेचदा असतो, तेव्हा मेण म्हणून तो डबाही नको. गणपतीचा चौरंग आहे बाबा.

पिंट्या: नाही आणत. कुठलं मेण ते सांगा.

बाळकाका: घरी दिव्याची साधी पांढरी मेणबत्ती आहे ना? तिने भागेल. मधमाशीचं मेण मिळालं तर जास्त चांगलं, ते चिवट असतं, दात्याला धरून राहतं. ६२-६४ अंशांपर्यंत वितळत नाही, त्यामुळे मे महिन्यात मांगराचे पत्रे तापले तरी हरकत नाही. मी टर्पेंटाइनमध्ये विरघळवून मऊ करून ठेवतो, दात्यांच्या फटीत ब्रशने जातं. पण हे करताना जाळ नको! एका पातेल्यात पाणी गरम करायचं, चूल बंद करायची, पातेलं अंगणात आणायचं, मग त्यात मेणाची वाटी ठेवायची. मेण पाघळलं की टर्पेंटाइन. चुलीपाशी टर्पेंटाइन नेऊ नकोस, आईलाही सांगून ठेव.

आई: ऐकलं. मी चुलीपाशी फिरकूच देणार नाही.

ताई: मेण नको असेल तर पीटीएफईचा स्प्रेही चालेल ना काका?

बाळकाका: चालेल, उत्तम चालेल. डब्यावर सिलिकॉन लिहिलेलं नाही एवढं वाचून घ्यायचं. महाग आहे आणि आचऱ्यात मिळेल न मिळेल, म्हणून मी मेण म्हटलं.

बाळकाका: आता धुणं. ह्यात घाई केलीस तर वर काहीही लाव, फुकट. आधी कोरडा ब्रश मारून पापडी पाड. मग स्प्रे मार, पंधरा मिनिटं थांब, जुना दात घासायचा ब्रश घे आणि एकेक दाता घास. लाल डाग राहिला तर पितळी ब्रश. चाक थोडं थोडं पुढे-मागे करत जा, आपोआप मोकळं होत येईल. पात्याच्या दांड्याच्या बेअरिंगवर मात्र स्प्रे जाऊ देऊ नकोस. ती बंद असतात, आत कायमचं ग्रीस असतं, स्प्रे शिरला तर ते धुऊन जाईल. तिथे चिंधी बांध. मग सगळं पुसून कोरडं कर. आज ऊन आहे, दारं उघडून दोन तास तसंच ठेव. मेणाखाली ओल कोंडली तर आतून गंज खाईल.

बाळकाका: मेण लावलं की चाक एकदा पूर्ण वर, एकदा पूर्ण खाली. मग पातं ४५ अंशांपर्यंत तिरकं करून परत सरळ. तिरकं करायचा गिअर वेगळा आहे, समोर डावीकडच्या बाजूला असेल, तो सगळे विसरतात. टर्पेंटाइन उडून गेलं की वरचं जास्तीचं मेण कोरड्या ब्रशने झाडून टाक. आणि उरलेलं मेण टेबलाच्या बिडाच्या पाट्यावर चोळ. फळीही सरकेल आणि पाट्याला गंजही नाही.

*(संध्याकाळी)*

पिंट्या: काका, झालं! साडेतीन तास लागले. निम्मा वेळ तर धुण्यातच गेला. चाक एका बोटाने फिरतंय. तिरका करायचा गिअर उघडून बघितला तर त्यात माझ्या मुठीएवढा भुसा. वहीभर कागदावर काढला. फोटो टाकतो.

बाळकाका: अरे वा! आवाज येतो का फिरवताना? खरखर?

पिंट्या: अजिबात नाही. फक्त खालच्या टोकाला किंचित जड.

बाळकाका: तिथे सर्वांत खालच्या दोन दात्यांत भुसा राहिला असेल. पातं पूर्ण वर घे आणि खालून टूथपिक घाल. ज्या दिवशी मशीन चालवशील त्या दिवशी संध्याकाळी नुसता कोरडा ब्रश मारायचा. मेण पुन्हा दिवाळीत, आणि मग मे महिन्यात पावसाच्या आधी.

आई: आबा विचारतायत, माटवीची लांबी तीच ना? नारळ, शिरड, कवंडाळ सगळं टांगायला मागच्या वर्षी जागा कमी पडली म्हणतायत. वीतभर वाढव.

पिंट्या: वाढवतो. उद्या सकाळी कापायला घेतो.

बाळकाका: घे. पण पिन बोर्डात घालायच्या आधी पट्टा बघ. मेणाचा हात लागला असेल तर तो घसरेल. टर्पेंटाइनच्या चिंधीने नाही, कोरड्या फडक्याने पुस.

पिंट्या: बघितला. एका कडेला लागलं होतं, पुसलं.