मदत हवी आहे: उस्मानाबादी शेळ्या पैदाशीसाठी ठेवू की मटणासाठी?

नमस्कार मंडळी. धाराशिव जिल्ह्यात आमच्या 18 उस्मानाबादी शेळ्या आहेत. सध्या करडं वाढवून बाजारात खाटकाला देतो. तो पाठीवर हात फिरवून अंदाजाने भाव सांगतो, वजनकाटा नाहीच. जुळी देणाऱ्या शेळीची पाटही (तरुण मादी) त्याच भावात जाते, तेव्हा फार जीव तुटतो.

आता निवडक पाटी आणि बोकड पैदाशीसाठी विकायचा विचार आहे. म्हणजे कानात बिल्ले, जन्मतारीख, आईबापाची नोंद, दर महिन्याचं वजन. शिवाय नात्यातच पैदास होऊन रक्त जवळ येऊ नये म्हणून बोकड बदलणं आलंच. एवढं करून गिऱ्हाईक जास्त पैसे मोजतं का? की थोडे बोकड बकरी ईदसाठी राखून बाकी मटणालाच द्यावेत? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी कृपया सांगा.