सोनी ए६४०० साठी वाइड प्राइम: १६, १२ की ११?

सह्यवेडा:
नमस्कार मंडळी, जाणकारांचा सल्ला हवाय. माझ्याकडे सोनी ए६४०० आहे आणि सोबत आलेली १६-५० मिमी किट लेन्स, बास. फोटो बहुतेक गडावरचेच, कोकणकडा, पावसाळ्यातले ढग, जुनी मंदिरं, आणि यंदा पावसाआधी आकाशगंगा काढायचीच असं ठरवलंय. सिग्मा १६ एफ १.४, सम्यांग १२ एफ २ आणि सोनी ११ एफ १.८ या तीन झूम नसलेल्या वाइड लेन्समध्ये अडकलोय. सॅकमध्ये वजन कमी हवं. कुठली घेऊ?

कातळवाट:
सिग्मा घ्या डोळे झाकून. एफ १.४ आहे, अजून काय पाहिजे.

सांजवारा:
घाई नको हो. आधी हे बघा की किट लेन्सवर तुम्हाला नक्की काय कमी पडतंय, जागा की उजेड? कारण सिग्मा १६ लावली तरी फ्रेममध्ये तेवढंच मावणार जेवढं किट १६ वर ठेवून मावतं. फरक उजेडात आहे, किट तिथे एफ ३.५ आणि ही १.४ (एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त), म्हणजे साधारण सहापट उजेड. रतनवाडीच्या अमृतेश्वरासारख्या देवळात आत काळोख असतो आणि ए६४०० च्या बॉडीत स्टॅबिलायझेशन (हात हलल्याची भरपाई) नाही, तिथे हातात धरून काढायला हा सहापट उजेड फार कामाला येतो.

पण जागाच कमी पडत असेल तर १६ घेऊन पुन्हा तीच चुटपुट राहील. पावसाळ्यात इंद्रधनुष्याची पूर्ण कमान घ्यायची तर ८४ अंशांपर्यंत लागतात, १६ वर आडवे ७३ च्या आसपास मिळतात, १२ वर ८९. कोकणकड्याचा बाक एका फ्रेममध्ये घेतानाही हा फरक जाणवतो. (इंद्रवज्र, म्हणजे खालच्या ढगांवर दिसणारं गोल इंद्रधनुष्य, मात्र लहान असतं, त्याला किट लेन्स पुरते.)

आणि अजून एक, जितकं वाइड तितके लांबचे डोंगर बारीक होतात. ११ वर समोरचा सुळका अगदी किरकोळ दिसतो, म्हणून पुढ्यात काहीतरी हवंच, फुलं, तोफ, पाण्याचं टाकं. सोनी ११ त्यासाठी छान, १५ सेंमीवर फोकस होतो.

सह्यवेडा:
हे कोणी सांगितलंच नव्हतं, मनापासून आभार. मग ताऱ्यांसाठी? सम्यांग मॅन्युअल आहे ना, अंधारात जमेल का?

सांजवारा:
ताऱ्यांना ऑटोफोकस तसाही भरवशाचा नाही. एखादा ठळक तारा स्क्रीनवर मोठा करून हाताने फोकस करायचा, आणि मग रिंगला कागदी टेप लावून टाकायची. तारे न लांबता शटर किती वेळ उघडं ठेवता येतं त्यासाठी ५०० चा नियम धरला, म्हणजे ५०० ला फोकल लेंग्थ (लेन्सचे मिमी) गुणिले दीडने भागायचं, तर १६ वर वीसेक सेकंद आणि १२ वर सत्तावीस. मी त्याहून कमीच ठेवते, २४ मेगापिक्सेलवर झूम केलं की तारे लांबट दिसतात.

सम्यांगच्या जुन्या मॅन्युअल लेन्समध्ये इलेक्ट्रॉनिक संपर्क नाहीत, कॅमेऱ्याला लेन्स लावलीय हे कळतच नाही, त्यामुळे मेनूत ‘रिलीज विदाउट लेन्स’ चालू करा, नाहीतर शटर दबणारच नाही आणि गडावर बसून लेन्स खराब आहे की काय असं वाटेल.

धुकेरी:
वजनाचं कोणी बोललंच नाही! सिग्मा ४०५ ग्रॅम, सम्यांग अडीचशेच्या आत, सोनी ११ फक्त १८१. मी सोनीच वापरतो, धूळ-पाण्यापासून बऱ्यापैकी संरक्षण आहे, सम्यांगच्या या मॅन्युअल लेन्सला ते नाही. पावसात फिरणाऱ्याने हे आधी बघावं. तरी धो धो पावसात कव्हर लागतंच आणि समोरच्या काचेवरचं पाणी सारखं पुसावं लागतं.

कातळवाट:
धुकेरी यांचं पटलं, पावसाचा मुद्दा माझ्या लक्षात नव्हता. देवळं आणि माणसं जास्त असतील तर मी अजूनही १६ च म्हणेन, ११ वर कडेची माणसं फार ताणली जातात.

सह्यवेडा:
गेल्या वर्षीचे फोटो आत्ताच चाळले, जवळजवळ सगळे १६ वरच काढलेत आणि बऱ्याच ठिकाणी मागे सरकायला जागा नव्हती. म्हणजे मला जागाच कमी पडतेय. सोनी ११ पुण्यात भाड्याने मिळते का बघतो, एक शनिवार-रविवार हरिश्चंद्रगडावर वापरून मगच विकत घेईन.

सांजवारा:
उत्तम. अमावास्येच्या जवळचा शनिवार धरा, आणि लेन्सवर दव बसतं तेव्हा सुती फडकं जवळ असू द्या.